मधला टप्पा आपला आपण

९ मे

प्रिय ताई,

माणसावर अन्याय अनेक प्रकारचे होतात. त्यांपैकी आगगाडीत उलट्या दिशेला तोंड करून बसवलं जाणं हा प्रकार कायद्याच्या पुस्तकात अजून कसा आला नाही, याचं मला परवा दिवसभर नवल वाटत होतं. दिवसभर अशासाठी, की दिवसभर मी तसाच बसलो होतो. समोरच्या सुलट्या खुर्चीत एक गृहस्थ होते. दर थोड्या वेळाने ते आनंदाने ओरडायचे, "पूल येतोय, पूल!" मी मान वळवेपर्यंत पूल गेलेला असायचा. नदी, धरण, उतारावरच्या मेंढ्या, सगळं मला गेल्यावर दिसलं. या वयात तसंही बरंचसं गेल्यावरच दिसतं, पण त्यासाठी तिकीट काढावं लागू नये.

बरं, हा प्रवास कशासाठी? तर कशासाठीच नाही. एका शहरात जळालेलं गोदाम बघायचं होतं, तिथून दूरच्या दुसऱ्या शहरात भिजलेली कापडगिरणी. दोन्ही विम्याचे दावे, दोन्ही बनावट. काम गिरणीपाशी संपलं. पण परतीचं विमान गोदामाच्या शहरातून होतं, कारण आमच्या कचेरीतला तिकीटवाला 'जाऊन-येऊन' याशिवाय दुसरा शब्द शिकलेला नाही. म्हणजे ज्या शहराशी माझा आता काडीचा संबंध उरला नव्हता, तिथे मी दिवसभर उलटा बसून परत गेलो, रात्री हॉटेलचे पैसे भरले, आणि सकाळी घरी यायला निघालो.

विमानतळावरच्या काउंटरवर हे सगळं एका मुलीला ऐकवलं. ती जांभई देत म्हणाली, "मग तिथूनच का नाही उडालात? ओपन-जॉ घ्यायचं ना!"

ओपन-जॉ, ताई. म्हणजे उघडा जबडा. उतरायचं एका गावी, परत निघायचं दुसऱ्याच गावाहून. नकाशावर रेघा ओढल्या तर आ वासल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. भाडं बहुतेकदा साध्या परतीच्या तिकिटाइतकंच, कारण कंपनी दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं धरते. फक्त संगणकावर शोधताना 'जाऊन-येऊन' ऐवजी 'अनेक शहरं' दाबायचं. दोन सुटी एकेरी तिकिटं घ्यायला गेलीस तर लुबाडली जाशील. आणि पहिलं विमान चुकवलंस तर पुढचं आपोआप रद्द होतं, हेही लक्षात ठेव.

हे तुला सांगायचं कारण, ऑगस्टअखेर तू समुद्रकाठच्या त्या गावी जाणार, तिथून समोरचं बेट बघणार आणि परत काठावर येऊन विमान धरणार, असं कळवलंयस. कशाला? बेटावर विमानतळ आहे. काठावर उतर, फेरीबोटीने बेटावर जा, आणि तिथूनच घरी ये. परतीची फेरीबोट वाचली, हॉटेलची एक रात्र वाचली, एक दिवस वाचला. तुझा भाऊ कधीतरी उपयोगी पडला अशी नोंद कुठेतरी करून ठेव.

फोन का नाही केला, म्हणशील. केला होता. तू 'काय?' म्हणालीस, मी ओरडलो, तू परत 'काय?' म्हणालीस, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आपल्या घरातलं सगळं कळलं. तलावावर बायकांना पोहायला शिकवता शिकवता तुझ्या कानांची जी वाट लागली आहे, ती बघता पत्रच बरं.

तुझा,
विंचू

१४ मे

प्रिय विंचू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलेलं काही मी दोनदा वाचावं असं आजवर घडलं नव्हतं, तेव्हा फुगू नकोस.

म्हणजे मला अलीकडच्या काठावर परत यावंच लागणार नाही? विमान कंपनी विचारणार नाही, की बाई, तुम्ही इकडे उतरलात आणि तिकडून कशा काय निघालात? मधे मी काय केलं, कशी गेले, याची कुणी चौकशी करत नाही? नीट विचारून सांग.

आणि बेटावरून विमान ३ सप्टेंबरचं घे. सकाळचं असलं तर उत्तम.

फेरीबोटीचं तिकीट मात्र काढू नकोस. ते माझं मी बघते.

ह्यांचंही एक काढ. पण ह्यांचं साधं, बेटावर उतरून बेटावरूनच परत. येताना आम्ही एकाच विमानात असायला हवं. ह्यांना बोट लागते हे तुला माहीतच आहे. आंघोळीच्या टबाकडेही हे जपून बघतात.

तुझी,
ताई

३० मे

प्रिय ताई,

दोन्ही तिकिटं काढली. परतीच्या खुर्च्या शेजारी शेजारी, भावोजींना खिडकी. कंपनीला विचारलं. त्यांचं म्हणणं, मधला टप्पा प्रवाशाचा स्वतःचा, आम्हाला त्याच्याशी देणंघेणं नाही; वेळेवर विमानतळावर हजर नसलात तर त्याच्याशीही नाही. शब्दशः असंच म्हणाले. माझ्या खात्यात यांना आनंदाने घेतलं असतं.

आता एक गंभीर विषय. तिकिटांसाठी मी तुला माझा मेलचा पत्ता दिला होता. तोच तू आणखी कुणाला तरी दिलेला दिसतोय. परवा एका बोटवाल्याचं पत्र माझ्याकडे आलं. तुला लिहिलेलं. मी वाचायला नको होतं, पण दुसऱ्याचे कागद वाचण्याचाच मला पगार मिळतो. जसंच्या तसं उतरवतो:

'बाई, काळजी नसावी. निघाल्यापासून शेवटपर्यंत मी तुमच्या बाजूलाच असेन. मधून मधून खायला-प्यायला देत जाईन. हात मात्र लावणार नाही, तुम्ही कितीही विनवलंत तरी. कपड्यांची बॅग आधीच माझ्याकडे द्या. अंगाला चोळायच्या ग्रीसचा डबा तुम्ही आणायचा.'

ताई, मी जुन्या विचारांचा नाही. पण ग्रीस? भावोजी सरळ बेटावर जाणार, तू एकटी अलीकडच्या काठावर उतरणार, फेरीबोटीचं तिकीट नको म्हणणार, आणि हा इसम तुझी कपड्यांची बॅग ताब्यात घेणार. आमच्या खात्यात एवढ्या पुराव्यावर फाइल उघडतात. ही म्हणते, मी नाक खुपसू नये. हिला मी पत्र दाखवलं, तर तीही ग्रीसपाशी थांबली.

भावोजींना मी काही बोललेलो नाही. अजून.

विंचू

३ जून

विंचू,

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'तुम्ही कितीही विनवलंत तरी' इथे ह्यांना ठसका लागला, आणि ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती त्यांनी पाणी आणून दिलं.

शहाण्या, मी पोहून जाणार आहे. काठापासून बेटापर्यंत. बोटवाला बाजूने बोट चालवतो आणि दोरीला बाटली बांधून प्यायला टाकतो. पोहणाऱ्याला त्याने हात लावला, की पोहणं बाद. गार पाण्यात अंग घासून सोलवटू नये म्हणून ग्रीस. आता ती फाइल बंद कर.

हे ह्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. तुला सांगायचं नाही, हे ह्यांनीच सुचवलं. म्हणाले, "विंचूला कळलं तर तो समुद्राचाच विमा काढायला लावेल."

दोन वर्षांपूर्वी मी हेच पोहायला गेले होते आणि वाटेतून परत आले, ते तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. थकले, असं मी सांगितलं होतं. थकले नव्हते रे. हात चालत होते. बेटावरची घरं दिसत होती, एका घराचं दार निळं आहे हेही दिसत होतं. आणि डोक्यात हिशेब सुरू झाला. माझी खोली मागच्या काठावर, कोरडे कपडे मागच्या काठावर, परतीचं विमान मागच्या काठावरून. पलीकडे पोहोचून परत इकडेच यायचं आहे, तर आत्ताच वळलं म्हणून काय बिघडलं? एकदा हे डोक्यात आलं आणि हात जड झाले. बोटवाल्याने विचारलं, "कुठे नेऊ?" मी म्हटलं, मागे.

तू त्या उलट्या खुर्चीत बसून जे बोंबललास ना, तेच. फरक एवढाच की तुझं तिकीट कचेरीने काढलं होतं, आणि माझं मी.

तेव्हापासून तलावावर काय चाललंय सांगू? माझ्या वर्गात सगळ्या मोठ्या बायका. पोटापर्यंतच्या पाण्यात छान पोहतात. पुढे दोरी बांधलेली आहे, तिच्या पलीकडे पाय टेकत नाहीत. दोन वर्षांत एकही बाई दोरीपलीकडे गेलेली नाही. मी सांगायला गेले की त्यांतल्या एक शिलाईवाल्या बाई गोड हसून म्हणतात, "बाई, वेळेवर परत फिरावं हे तुमच्याकडूनच शिकलो की आम्ही." चेष्टा नाही करत त्या. मनापासून म्हणतात. ते जास्त लागतं.

तलावाच्या मॅनेजरने आता विचारलंय, खोल पाण्याचा वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचा कशाला? त्याला काय उत्तर देऊ? तुझ्या उघड्या जबड्याने मला वाट दाखवली. या वेळी माझं मागच्या काठावर काहीही नसेल.

ताई

६ जून

ताई,

तीन दिवस विनोद सुचलेला नाही. ही विचारते, बरं वाटत नाहीये का.

मी रोज काय वाचतो तुला माहीत आहे. माणसं 'सगळं नीट होईल' म्हणाल्यानंतर जे होतं, ते वाचतो. थंडीने पेटके येतात, प्रवाह फिरतो, जेलिफिश असतात, मालवाहू जहाजांना तुझी टोपी दिसत नाही. तू साठीला आलीस. मी तुला फेरीबोटीने जायला सांगितलं होतं, ताई. मी एक दिवस वाचवायला सांगितलं होतं. तू त्याचं हे केलंस. उद्या कुणाला छत्री दिली तर तो तिला धरून गच्चीवरून उडी मारेल.

जाऊ नकोस म्हणत नाही. म्हणून उपयोग नाही, हे तू सातवीत असताना विहिरीच्या काठावर सिद्ध केलं होतंस. एकच मागतो. अलीकडच्या काठावरून एक जास्तीचं परतीचं तिकीट काढून ठेवू दे. नुसतं असू दे. नाही लागलं तर फुकट गेलं. शहाणी माणसं असंच करतात. याच्यावर माझं घर चालतं.

विंचू

११ जून

विंचू,

नको.

ते तिकीट मला माहीत असेल. पाण्यात माणसाला फार वेळ असतो. मी पुन्हा हिशेब करीन.

काढलंस, तर बोलणार नाही.

तुझ्या मायेला नाही म्हणत नाहीये. तिकिटाला म्हणते आहे.

ताई

३० ऑगस्ट

विंचू,

समुद्रकाठच्या हॉटेलातून लिहिते आहे; हॉटेलवाला हे लगेच तुझ्या मेलवर पाठवेल. खोली इतकी लहान आहे की दार उघडायचं तर आधी पलंगावर चढावं लागतं. पोहण्यासाठी मला २ सप्टेंबरपर्यंतची मुदत मिळाली आहे. बोटवाला रोज पहाटे वाऱ्याकडे बघतो आणि मान हलवतो. आज तिसरा दिवस. हे बेटावर पोहोचले. बंदराजवळ उतरलेत, रोज दुर्बिणीतून इकडे बघतात. एवढ्या अंतरावरून यांना मी काय दिसणार, पण बघतात.

आणि ऐक. फेरीबोटवाल्यांनी संप केलाय. जास्तीच्या वेळेच्या पगारावरून. हॉटेल अडकलेल्या माणसांनी भरलंय. जेवणघरात एक गृहस्थ रोज मला सांगतात, "बाई, आता बेटावर जायचं तर पोहूनच जावं लागेल!" आणि स्वतःच हसतात. मीही हसते.

हे सगळं मजेत चाललं होतं. काल विमान कंपनीचा निरोप आला. ३ तारखेला माझ्या नावावर दोन तिकिटं आहेत, एक बेटावरून आणि एक अलीकडून. एका दिवशी एक बाई दोन ठिकाणांहून उडू शकत नाही. कोणतं ठेवायचं ते कळवा, नाही तर दोन्ही रद्द समजा.

काढलंसच तू.

विंचू, काल मी झोपले नाही. पलंगावर पडून बघत होते, तर मागच्या काठावर पुन्हा माझं काहीतरी आहे. कोरडं, उबदार, खिडकीजवळचं. बोटवाल्याने आज विचारलं, "बाई, मन तयार आहे ना?" आणि मी आधी मागे, विमानतळाच्या दिशेला बघितलं.

बोलणार नाही म्हटलं होतं, म्हणून लिहिते आहे. ते तिकीट तुझ्या हाताने काढलंस, तुझ्याच हाताने रद्द कर. मी करणार नाही.

ताई

३० ऑगस्ट, संध्याकाळ

ताई,

रद्द केलं.

कंपनीची मुलगी म्हणाली, पैसे परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, नकोत. ती म्हणाली, तिकडे फेरीबोटींचा संप चालू आहे, बाई काठावर अडकल्या तर? पुन्हा विचार करा. आजवर मी लोकांना जे सांगत आलो, ते सगळं तिने मला एका दमात सांगितलं. अगदी माझ्याच आवाजात. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, बाईंचं विमान बेटावरून आहे.

आता मागच्या काठावर तुझं काही नाही. मी खात्री करून घेतली आहे. तुला तिथून कुणीही परत आणणार नाही, मी तर नाहीच.

पोह.

विंचू

२ सप्टेंबर

शालकमहाराज,

मी दोन ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आज इलाज नाही.

पोहोचली.

सकाळपासून बंदरावर टॉवेल आणि गरम पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. दुपारनंतर दुर्बिणीत बोट दिसली. ही दिसली नाही, बोटीच्या बाजूचं पाणी तेवढं हलत होतं. मग प्रवाह फिरला आणि बोट बंदराऐवजी भलतीकडेच सरकायला लागली. काठावरच्या एका सुळक्याच्या मागे गेली, दिसेनाशी झाली. मी धावलो. मी धावत नाही हेही तुम्हाला माहीत आहे. वाटेत बाटली फुटली.

सुळक्याला वळसा घालून पोहोचलो, तोवर ही वाळूत उभी होती, अंगात कुणाचा तरी कोट. मला बघून म्हणाली, "उशीर केलात."

बाकी तीच लिहील. सध्या झोपली आहे. माझेच पाय दुखत आहेत.

तुमचे भावोजी

६ सप्टेंबर

प्रिय विंचू,

घरी आले. विमानात ह्यांनी खिडकी मला दिली. वरून मी ते सगळं पाणी बघितलं. ह्यांनी विचारलं, "एवढं?" आणि मग उतरेपर्यंत माझा हात सोडला नाही.

ऐक आता. शेवटच्या दिवशी वारा पडला. उजाडायच्या आत ग्रीस चोळलं, बॅग बोटीत दिली, खोलीची किल्ली दिली. जेवणघरातले ते गृहस्थ बाहेर उभे होते. मी टोपी घालून त्यांच्यासमोरून पाण्यात गेले. ते या वेळी हसले नाहीत.

बराचसा रस्ता तुला सांगण्यासारखा नाही. पाणी, हात, पाणी. बाटलीतलं गोड सरबत, त्याची चव शेवटी शेवटी पितळेसारखी लागते. मग ती घरं दिसायला लागली. तीच. निळं दार बदललं नव्हतं. मी वाट बघत होते, आता हिशेब सुरू होईल म्हणून. झाला ना! खोली? सोडली. कपडे? बोटीत. विमान? पुढे. नवरा? पुढे. मागे काय? काहीच नाही. इतका सोपा हिशेब मी आयुष्यात केला नव्हता.

मग प्रवाह फिरला. बोटवाला माझ्यासाठी पाटीवर लिहितो, ओरडून उपयोग नाही म्हणून. त्याने लिहिलं, 'बंदर गेलं.' मी हात चालवत राहिले. पुन्हा पाटी: 'सुळक्यामागे जाऊ. लांब पडेल. चालेल?' नियम पाळले जातात की नाही हे बघायला बोटीत बसलेल्या निरीक्षक बाई वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, माझी शुद्ध तपासायला. मी म्हटलं, "मला फक्त तो काठ पाहिजे, कुठलाही." तर त्या चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. नियमात बसतं की नाही कोण जाणे.

सुळक्यामागे लहानशी वाळू आहे. तिथे एक रंगारी पालथ्या घातलेल्या होडीला हिरवा रंग देत होता. नियम असा, की पाण्याबाहेर स्वतःच्या पायांनी चालत यायचं, कुणी धरायचं नाही. मी दोनदा पडले. तो ब्रश हातात धरून बघत राहिला. पाणी घोट्याखाली गेल्यावर मी उभी राहिले, तर म्हणाला, "कुठून आलात?"

"समोरून."

"फेरीबोट बंद आहे."

"हो ना," मी म्हटलं. "म्हणून तर उशीर झाला."

त्याने ब्रश खाली ठेवला आणि अंगातला कोट काढून मला घातला. पायातल्या चपलाही काढून दिल्या, वाळूत शिंपले होते म्हणून. माझी बॅग बोटीत, आणि बोट खडकांमुळे आत येईना. हे धापा टाकत आले आणि मग जो काही गोंधळ झाला, त्यात तो बिचारा अनवाणी कधी निघून गेला, कळलंच नाही. त्याच चपला घालून मी विमानात बसले. आत्ता माझ्या दारात आहेत. परत पाठवायला हव्यात, पत्ता ठाऊक नाही. बघते.

आणि संप मिटलेला नाही. विमानतळावर कळलं, त्या दिवशी अलीकडच्या काठावरून विमान धरायला येणारी पंधरा-वीस माणसं येऊच शकली नव्हती. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मधला टप्पा फक्त मलाच जमला.

तुझी,
ताई

२२ सप्टेंबर

प्रिय ताई,

रविवारी तलावावर तुझ्या सत्कारात जे बघितलं, त्यावर गाडीत परत येताना एकही विनोद केला नाही. हिला वाटलं मला पुन्हा बरं नाहीये.

मॅनेजरने आणलेला पुष्पगुच्छ तू ज्या तऱ्हेने बाकावर ठेवलास, ते मला आवडलं. त्याने भाषणाला सुरुवात केली, 'आमच्या तलावाची परंपरा,' वगैरे, आणि मागे पाण्यात आवाज झाला. त्या शिलाईवाल्या बाई दोरीखालून पलीकडे गेल्या होत्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. मधोमध त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं, आणि मी खुर्चीवरून उठलो. तू उठली नाहीस. तू फक्त समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलंस. त्या भिंतीला हात लावून त्या ओरडल्या, "बाई, इकडे शिडी आहे का?" तू म्हणालीस, "आहे. परत यायचं नाही, तिकडूनच बाहेर निघा."

मग एकामागून एक. नर्सबाई, दोघी जावा, ती गणिताची शिक्षिका. मॅनेजर भाषणाचा कागद हातात धरून उभा होता, त्यावर पाणी उडत होतं. शेवटी त्याने तो खिशात घातला आणि म्हणाला, "वर्ग ठेवू या." मी अनेक दावे मंजूर होताना पाहिलेत, ताई. इतक्या लवकर एकही नाही.

आता कचेरीत मी सगळ्यांची तिकिटं काढून देतो. आमचा तिकीटवाला रुसलाय. प्रत्येकाला बजावतो, की मधला टप्पा आपला आपण. कुणी विचारलं, म्हणजे नक्की काय करायचं, तर तुझं नाव सांगतो.

तुझा,
विंचू

ता. क. तुझ्या दारातल्या त्या चपला आणि तो कोट मी पिशवीत घालून आणलेत. शोधू नकोस.

२९ सप्टेंबर

रंगारीदादा यांस,

आपली ओळख नाही. आपला पत्ता बोटवाल्याने दिला. 'सुळक्यामागे, हिरव्या होडीपाशी' एवढाच दिला आहे. टपालवाला हुशार असेल असं धरून चालतो.

महिन्याच्या सुरुवातीला समुद्रातून चालत आलेल्या एका बाईंना आपण अंगातला कोट आणि पायातल्या चपला काढून दिल्यात. त्या माझ्या थोरल्या बहीण. त्या दिवशी त्यांच्यासाठी मी केलेल्या एकूण एक सोयी कुचकामी ठरल्या आणि आपली तेवढी कामाला आली.

कोट सोबत आहे. धुऊन घेतला आहे. बाहीवर जो हिरवा रंग आहे तो काढू नये, असं धोब्याला बजावलं होतं. चपलांचा अंगठा आमच्याकडे तुटला, म्हणून नव्या पाठवतो आहे. जुन्या चपला दुकानात नेऊन, तळव्यावर तळवा ठेवून माप घेतलं. दुकानदाराला वाटलं, माझ्या वडिलांसाठी आहेत.

बहिणीला याची कल्पना नाही. ती स्वतःही काही पाठवील. तेही ठेवून घ्या.

चपला एकदा वाळूत चालून बघा. सैल वाटल्या तर कळवा, इथे बदलून मिळतात.

आपला,
बाईंचा भाऊ